दोन नोकऱ्यांमधले दिवस



"जगात जर्मनी, देशात परभणी" ही म्हण आपल्या जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? कोणी ती अभिमानाने म्हणतो, कोणी थट्टेने म्हणतो. पण अलीकडे या म्हणीला एक नवा अर्थ आला आहे. आपल्याकडची मुले खरोखरीच जर्मनीला जाऊ लागली आहेत. अमेरिकेला, इंग्लंडला जाऊ लागली आहेत. १९७२ साली स्थापन झालेल्या आणि आज वसंतराव नाईकांचे नाव असलेल्या आपल्या कृषी विद्यापीठातून, नांदेडच्या आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांतून पदव्या घेऊन ती जातात. तिकडे संशोधन करतात, शिकवतात. घरच्यांना तेवढे कळते. "पोरगा विद्यापीठात आहे" असे सांगताना बापाची मान ताठ होते, आणि ती व्हावीही.

पण या नोकऱ्यांना एक अंगचे दुखणे असते. ते घरच्यांना सहसा ठाऊक नसते, आणि मुलगा ते सांगत नाही. त्याच दुखण्याविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे. एक नोकरी संपते आणि दुसरी सुरू व्हायची असते, त्या मधल्या दिवसांचे काय, हा आजचा विषय.

समजा, जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा अमेरिकेतील एका विद्यापीठात संशोधक आहे. त्याचा करार ३१ ऑगस्टला संपतो. दुसऱ्या विद्यापीठाने त्याला १ नोव्हेंबरला बोलावले आहे. हे ऐकून घरी आनंद होतो. वडील म्हणतात, "मग दोन महिने घरीच ये की. सोयाबीन काढायला हात लागेल, बहिणीच्या लग्नाचंही बघू." यावर मुलगा गप्प होतो. वडिलांना वाटते, पोरगा बदलला, आता त्याला घर नको. आई रात्रभर जागी राहते. अहो, पोरगा बदललेला नसतो. तो बोटांवर दिवस मोजत असतो.

हे दिवस मोजणे काय आहे ते समजून घेऊ.

आमच्या शिक्षक मंडळींना 'सेवाखंड' हा शब्द नव्याने सांगायला नको. एक नेमणूक संपली, दुसरी चार दिवस उशिरा सुरू झाली, की ते चार दिवस पुढे वर्षानुवर्षे पाठ सोडत नाहीत. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांना तर हा खंड दरवर्षीचा. उन्हाळा आला की नेमणूक संपते आणि पुढच्या आदेशाची वाट पाहायची. शेतकरी बंधूंना सालगड्याचे उदाहरण जवळचे वाटेल. गुढीपाडव्याला साल संपते आणि शहाणा सालगडी पाडव्याच्या आधीच पुढचे घर ठरवून ठेवतो. परदेशातील संशोधकाची जागाही अशीच सालाची असते, वर्षाची नाहीतर दोन वर्षांची. माणूस डॉक्टर झालेला असला तरी करार सालगड्यासारखाच!

मात्र एक मोठा फरक आहे. सालगड्याचे साल ठरले नाही तरी त्याला "आता गाव सोड" असे कोणी म्हणत नाही. तो आपल्या घरात बसून दुसरे काम शोधतो. परदेशातील माणसाला त्या भूमीवर राहण्याची परवानगीच नोकरीमुळे मिळालेली असते. नोकरी संपली की पगार थांबतो, आणि त्याबरोबर उभे राहण्याची जागाही हलू लागते.

पूर्वी असे नव्हते का, असे कोणी विचारील. पहिल्या महायुद्धापूर्वी पारपत्रावाचून पुष्कळ देशांत जाता येत असे. युद्धानंतर सगळीकडे कागद आले. हिंदुस्थानात शिरण्यासाठी पारपत्र लागावे असा कायदा १९२० साली झाला. अमेरिकेने १९१७ साली आपल्या लोकांना वसाहतीसाठी दार बंद केले होते. विद्यार्थी आणि शिक्षक यांना तेवढी सवलत होती. १९४६ साली नवा कायदा होऊन वर्षाकाठी शंभर भारतीयांना कायमचे येऊ देण्याचे ठरले. साऱ्या देशातून शंभर! १९६५ च्या कायद्यानंतर हे दार मोठे झाले आणि मग आपल्याकडचे लोक मोठ्या संख्येने जाऊ लागले.

या संदर्भात आपल्याच बाजूच्या एका शेतीशास्त्रज्ञाचे नाव घेतले पाहिजे. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे १८८४ साली वर्ध्याला जन्मले. अमेरिकेत ते शेतीशास्त्र शिकले आणि तिथे गदर चळवळीच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत होते. महायुद्धाच्या काळात ते इराणच्या बाजूला लढ्यासाठी गेले. पुढे युरोपातून मेक्सिकोत पोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या सुधारित जातींवर त्यांनी काम केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांचे चित्र रंगवले आहे. एवढा मान परक्या देशात मिळाला. पण मायदेशी येण्याची वाट त्यांना स्वातंत्र्यानंतरच मोकळी झाली. १९६७ साली नागपुरात त्यांचे निधन झाले. त्यांची गोष्ट राजकारणाची होती आणि आजच्या मुलांची तशी नाही, हे मी जाणतो. पण एक गोष्ट दोहोंत सारखीच आहे. विद्येला सरहद्द नसली तरी विद्वानाला असते, आणि त्या सरहद्दीवर त्याची विद्या विचारण्याआधी त्याचे कागद विचारतात.

हे कागद मुख्यतः तीन. पहिले पारपत्र, म्हणजे पासपोर्ट. ते आपले सरकार देते. हा माणूस आमचा आहे, एवढे ते सांगते. दुसरा व्हिसा. तो परदेशाचे सरकार देते. तो दाराशी दाखवायचा असतो. तिसरा कागद म्हणजे राहण्याची परवानगी. आत आल्यावर किती दिवस राहायचे आणि कोणते काम करायचे, हे तो सांगतो. अमेरिकेत याची नोंद आय-९४ नावाच्या दाखल्यात असते. जर्मनीत राहण्याचे कार्ड मिळते.

व्हिसा आणि राहण्याची परवानगी यांत घोटाळा होतो आणि त्यातून पुष्कळ संकटे येतात. अमेरिकेत पासपोर्टावरील व्हिसाची तारीख उलटून गेली तरी आत असलेल्या माणसाची राहण्याची परवानगी शाबूत असू शकते. तो कायदेशीरच असतो. उलट व्हिसावर पुढच्या तीन वर्षांची तारीख छापलेली आहे म्हणून नोकरी संपल्यावरही तीन वर्षे राहता येत नाही. म्हणून मुलगा "व्हिसा आहे" म्हणाला तर एवढ्यावर थांबू नका. "राहण्याची परवानगी कोणत्या तारखेपर्यंत आहे?" असे विचारा.

आता मधल्या दिवसांचा हिशेब पाहू. निरनिराळ्या देशांनी निरनिराळे दिवस दिले आहेत.

अमेरिकेत संशोधक दोन मुख्य वर्गांनी जातात. एकाला जे-वन म्हणतात, दुसऱ्याला एच-वन-बी. जे-वनवर गेलेल्याचा कार्यक्रम पुरा झाला की ३० दिवस मिळतात. ते सामान बांधण्यासाठी आणि देशात फिरून घेण्यासाठी असतात, काम करण्यासाठी नसतात. त्या दिवसांत देशाबाहेर गेले तर त्यांच्या आधाराने परतही येता येत नाही. आपल्या जिंतूरच्या मुलाचे गणित करा. ३१ ऑगस्टला करार संपला, ३० सप्टेंबरला ३० दिवस संपले. नवी नोकरी १ नोव्हेंबरची. अख्खा ऑक्टोबर मोकळा पडला!

मग तो घरी का येत नाही? कारण दुसरा एक नियम आडवा येतो. जे-वनवर संशोधक किंवा प्राध्यापक म्हणून गेलेल्या माणसाचा कार्यक्रम एकदा बंद झाला, की पुढचे २४ महिने त्याला त्याच वर्गात पुन्हा जाता येत नाही. म्हणजे "दोन महिने घरी ये" या मायेच्या शब्दाची किंमत दोन वर्षे होऊ शकते. यावर वाट एकच, कार्यक्रम बंद होऊ न देता एका विद्यापीठाकडून दुसऱ्याकडे बदली करून घ्यायची. ही बदली जुन्या कार्यक्रमाची तारीख संपण्यापूर्वी व्हावी लागते. नंतर कितीही धावपळ केली तरी ती होत नाही. शिवाय सगळे मिळून या वर्गात पाचच वर्षे राहता येते. सरकारी पैशावर गेलेल्या काहींना तर दोन वर्षे मायदेशी राहून आल्यावाचून पुढचे काही व्हिसा मिळत नाहीत. तसा शेरा आपल्या कागदावर आहे काय, हे जातानाच वाचून ठेवावे.

एच-वन-बी वर्गाची गोष्ट वेगळी. २०१७ सालापासून या वर्गातील माणसाची नोकरी सुटली तर त्याला ६० दिवसांपर्यंत मुदत मिळते. रविवार, सणवार सगळे त्यात धरलेले. या ६० दिवसांत नव्या संस्थेने त्याच्यासाठी अर्ज दाखल केला पाहिजे. अर्ज दाखल झाला की निकालाची वाट न पाहता नव्या ठिकाणी काम सुरू करता येते. ३१ ऑगस्टपासून ६० दिवस मोजले तर ३० ऑक्टोबर येतो. नोकरी १ नोव्हेंबरची आहे, म्हणजे दोन दिवसांनी हुकली असे वाटेल. पण पाहायचे ते नोकरीच्या तारखेकडे नव्हे, अर्जाच्या तारखेकडे. अर्ज ३० ऑक्टोबरच्या आत पोचला असेल तर धागा तुटत नाही.

मात्र यातली खोच नीट ऐका. हे ६० दिवस, किंवा आय-९४ वरील तारीख, यांतले जे आधी संपेल ते खरे. नोकरीचा करार आणि राहण्याची परवानगी ही दोन्ही एकाच दिवशी, ३१ ऑगस्टलाच संपत असतील, तर ६० दिवस मिळणार नाहीत. फार तर निघण्यापुरते दहा दिवस, तेही दाखल्यात तशी नोंद असली तर. संशोधकाचा करार जेवढा, तेवढीच परवानगी, असे पुष्कळदा असते. म्हणून हा घोटाळा प्राध्यापकी पेशात अधिक होतो. "साठ दिवस आहेत" या मित्राच्या शब्दावर राहू नये. आपला दाखला उघडून तारीख पाहावी.

आणखी एक गोष्ट. विद्यापीठे आणि ना-नफा संशोधन संस्था यांच्या नोकऱ्यांना एच-वन-बीची वार्षिक संख्यामर्यादा लागू नाही. खाजगी कंपन्यांना ती आहे: ६५,००० आणि तिकडच्या उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,०००. म्हणून एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाणे सोपे. पण विद्यापीठ सोडून कंपनीत जायचे, तर मार्चमध्ये नाव नोंदवायचे, निवड झाली तर १ ऑक्टोबरपासून काम. मेमध्ये विद्यापीठाची नोकरी संपली तर मधले चार-पाच महिने कोठे काढायचे, हा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा लागतो.

आता इंग्लंड. तेथे संस्था सरकारला कळवते, की हा माणूस आमच्याकडून गेला. मग सरकार पत्र पाठवून त्याची मुदत सहसा ६० दिवसांवर आणते. त्या आत नव्या संस्थेच्या पत्रासह नवा अर्ज करायचा. मुदतीत अर्ज केला की निकाल लागेपर्यंत राहणे कायदेशीर धरले जाते, पण नव्या संस्थेत काम सुरू करायला मंजुरीची वाट पाहावी लागते. तेवढे दिवस पगारावाचून काढावे लागतात.

आणि आपली म्हणीतली जर्मनी? तिथला कायदा संशोधकाला अधिक उसंत देतो. संशोधनाचे काम पुरे केलेल्याला नोकरी शोधण्यासाठी नऊ महिन्यांपर्यंत राहण्याची परवानगी मागता येते. तिथल्या विद्यापीठाची पदवी घेतलेल्याला अठरा महिन्यांपर्यंत. हे नऊ महिने युरोपीय संघाच्या २०१६ च्या एका निर्देशातून आले आहेत आणि डेन्मार्क-आयर्लंड वगळता संघातील देशांना तो लागू आहे. पण ही परवानगी आपोआप मिळत नाही. जुने कार्ड संपण्यापूर्वी परदेशी नागरिकांच्या कचेरीत अर्ज करावा लागतो. अर्ज वेळेत गेला तर निर्णय होईपर्यंत जुनी परवानगी चालू मानतात आणि तसा दाखला देतात. काम मुदतीआधीच सुटले, तर दोन आठवड्यांत त्या कचेरीला कळवायचे असते. हे कळवायला पुष्कळजण भितात आणि पत्र लांबणीवर टाकतात. तसे करू नये. आपण होऊन कळवलेल्या माणसाचा अर्ज वेगळ्या नजरेने वाचला जातो. आणि एका देशाचे कार्ड असले म्हणून शेजारच्या देशात नोकरी करता येत नाही. १८० दिवसांत ९० दिवस पाहुणा म्हणून राहता येते.

हे आकडे ऐकून कोणाला वाटेल, आता पाठ झाले. पण नियम बदलतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांची ६० दिवसांची मुदत ३० वर आणण्याचा प्रस्ताव निघाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिथल्या अध्यक्षांनी घोषणा काढली, की देशाबाहेर असलेल्या आणि हाती चालू एच-वन-बी व्हिसा नसलेल्या माणसासाठी नवा अर्ज करताना एक लाख डॉलर भरावे लागतील. घोषणेची मुदत बारा महिन्यांची, पुढे वाढवता येईल अशी. त्याच महिन्यात असेही ठरले, की व्हिसाची मुलाखत आपल्या देशात किंवा आपण कायम राहतो त्या देशात द्यावी. शेजारच्या मेक्सिकोत किंवा कॅनडात जाऊन शिक्का घेऊन येण्याची जुनी रीत त्यामुळे बंद पडली. म्हणजे गेल्या वर्षी जो मित्र मधल्या दिवसांत घरी येऊन गेला, त्याचे उदाहरण यंदा उपयोगी पडेलच असे नाही. ज्या आठवड्यात निर्णय करायचा, त्या आठवड्यात नियम वाचायचा.

तर मग करावे काय? जाणाऱ्या मुलामुलींसाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट तारखांची. करार संपण्याच्या सहा महिने आधी एका कागदावर तीन तारखा लिहाव्यात: करार कधी संपतो, राहण्याची परवानगी कधी संपते आणि पासपोर्ट कधी संपतो. यांत जी सर्वांत आधीची, ती आपली खरी तारीख. पाऊस पडून वापसा आल्यावर बी शोधायला निघणारा शेतकरी पेरणी साधत नाही. बी आधीच घरात हवे. मधले ३० किंवा ६० दिवस हा असाच वापसा आहे. त्या दिवसांत फक्त पेरायचे, तयारी आधी झालेली हवी.

दुसरी गोष्ट, खंड पडू न देणे हाच सर्वांत चांगला उपाय. जुन्या प्राध्यापकाला विचारावे, "माझा करार आणखी सहा आठवडे, पगारासह, वाढवता येईल का?" नव्याला विचारावे, "मला १ नोव्हेंबरऐवजी १ सप्टेंबरला घ्याल का?" आपली मुले संकोची, असे विचारणे त्यांना भीक मागितल्यासारखे वाटते. तिकडे हे नेहमीचे बोलणे आहे. नव्या तारखेमागे पुष्कळदा सत्राची सोय एवढेच कारण असते, आणि कारण सांगितले तर तारीख सरकते. न विचारता गप्प राहिलेल्याची अडचण कोणाला कळणार?

तिसरी गोष्ट, विचारायचे ते योग्य जागी आणि लेखी. प्रत्येक मोठ्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचे आणि संशोधकांचे कार्यालय असते. जुन्या आणि नव्या, दोन्ही ठिकाणच्या कार्यालयांना पत्र लिहावे आणि उत्तर जपून ठेवावे. मधल्या दिवसांत परवानगीवाचून कोणतेही काम करू नये. पैसे न घेता केलेलेही काम ठरू शकते, म्हणून तेही विचारूनच. ६० दिवसांत अर्ज होण्याची चिन्हे नसतील, तर त्या आतच पाहुण्याच्या वर्गात बदलून घेण्याचा अर्ज काहीजण करतात. त्याने थोडी उसंत मिळते, काम करता येत नाही. तो मार्ग तिकडच्या वकिलाला विचारूनच घ्यावा.

चौथी गोष्ट पैशाची आणि आजारपणाची. तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम पहिल्या पगारापासून बाजूला पडत गेली पाहिजे. नोकरीबरोबर आरोग्याचा विमाही संपतो. अमेरिकेत विम्यावाचून एकदा दवाखान्यात जाणे म्हणजे वर्षभराची बचत जाणे. आणि बायको-मुले बरोबर असतील तर त्यांची परवानगी त्याच्याच परवानगीला बांधलेली असते. त्याची संपली की त्यांचीही संपली, मग मुलाची शाळा अर्ध्यावर असो. संसारी माणसाने सहा महिन्यांऐवजी नऊ महिने आधी कागद काढावा.

आता शिक्षकबंधूंना दोन शब्द. मुलाचे कागद परदेशात तपासले जातात, पण ते तयार होतात आपल्या हाताखाली. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टावर ते शेवटी. एकीकडे वडिलांचे नाव पूर्ण, दुसरीकडे आद्याक्षर. आणि मुलीचे लग्नानंतरचे नाव तिसरेच. इथे आपण म्हणतो, "चालतंय की." तिथे या एका अक्षरासाठी पंधरा दिवस जातात, आणि मधल्या दिवसांत पंधरा दिवस म्हणजे निम्मी मुदत. शाळेच्या दाखल्यावर नाव आणि जन्मतारीख पासपोर्टाशी ताडून पाहण्याची सवय आपण मुलांना लावली पाहिजे. परदेशी चालणारा अपोस्टीलचा शिक्का २००५ पासून आपल्या देशात मिळतो. मूळ पदवी, गुणपत्रके आणि अनुभवाचे दाखले यांवर तो जाण्यापूर्वीच घेऊन ठेवावा. आणि एखादा जुना विद्यार्थी परदेशातून फोन करून अनुभवाचा दाखला मागतो, तेव्हा "साहेब रजेवर आहेत, पुढच्या महिन्यात बघू" हे उत्तर कार्यालयाने देऊ नये. त्याच्याकडे पुढचा महिना नसतो.

शेवटी घरच्या मंडळींशी बोलायचे आहे, आणि माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे.

मायबाप हो, मुलगा मधल्या दिवसांत येत नाही म्हणून रुसू नका. "यावेळी तुझी बदली पूर्ण झाली का? मग नव्या जागी रुजू होऊन, रजा काढून ये," असे म्हणा. लग्नाची तारीख धरताना मुहूर्ताबरोबर त्याच्या कागदाचीही तारीख विचारा. नव्या नोकरीचे पत्र आले म्हणून लगेच ट्रॅक्टरचे किंवा घराचे कर्ज काढू नका. पहिला पगार हाती येईपर्यंत थांबा.

आणि घरात कोणी अत्यवस्थ असेल तर? तर त्याला कळवा, लपवू नका. पुष्कळ घरांत "त्याच्या नोकरीवर बेतेल" म्हणून आजारपण लपवतात आणि मग थेट शेवटची बातमी जाते. त्याचे दुःख माणूस जन्मभर वागवतो. यावे की न यावे, हे त्याला ठरवू द्या. येण्यापूर्वी त्याने त्याच दिवशी विद्यापीठाच्या कार्यालयाला लेखी कळवावे, परत जाताना कोणता कागद लागेल ते विचारावे. आणि एवढे करूनही नोकरी गेली, तर गेली. आईपुढे नोकरी मोठी नाही, एवढे शब्द त्याला घरून ऐकू येऊ द्या.

कधी कधी सारे करूनही धागा तुटतो आणि मुलगा दोन पेट्या घेऊन परभणीच्या स्टेशनावर उतरतो. गावात कुजबूज होते, "काढून टाकलं म्हणे." अशा वेळी घरच्यांनी ठाम उभे राहावे. साल संपलेला सालगडी चोर नसतो, आणि करार संपलेला संशोधक नापास नसतो. तो काही महिने इथे राहून पुन्हा अर्ज करील, किंवा इथेच आपल्या विद्यापीठात, महाविद्यालयात काम शोधील. त्याची विद्या कुठेही गेलेली नसते.

मात्र एका माणसापासून सावध राहा. "पैसे द्या, मधल्या दिवसांचा खोटा पगार दाखवतो, अनुभवाचं पत्र करून देतो," असे सांगणारे दलाल भेटतात. खंड पडलेल्या माणसाला पुढे वाट असते. पण खोटा कागद दिलेल्या माणसाला अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते. मुदत चुकली तर काही काळाचे नुकसान होईल. खोटे बोलले तर जन्माचे.

ज्यांची मुले परदेशात संशोधन करीत आहेत, त्यांनी या आठवड्यात फोनवर एक प्रश्न अधिक विचारावा. जेवलास का, थंडी किती आहे, हे तर आपण विचारतोच. त्याबरोबर, "तुझा करार कोणत्या तारखेला संपतो, आणि परवानगी कोणत्या तारखेला?" असे विचारा. दोन्ही तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. मुलाला आपल्या हिशेबात घरचेही सामील आहेत, एवढे कळले तरी त्याचे निम्मे ओझे उतरेल.